केबल एक झाली, पण बोलणं एक झालं का? यूएसबी-सीच्या जमान्यात सीरियल पोर्टचा घोळ

युरोपियन युनियनमध्ये २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोन, टॅबलेट आणि इअरबड्सना यूएसबी-सी पोर्ट सक्तीचा झाला. लॅपटॉपसाठी तारीख ठरली २८ एप्रिल २०२६. ॲपलने तर २०२३ मध्येच आयफोन १५ ला यूएसबी-सी दिलं. आपल्यालाही फायदा झालाच, घरातल्या चार जणांना एक चार्जर पुरतो.

पण हीच केबल ईएसपी३२ सारख्या छोट्या बोर्डाला लावा आणि दुसरं टोक आधी विंडोज लॅपटॉपला, मग अँड्रॉइड फोनला, मग आयफोनला जोडून बघा. वीज तिन्हीकडून मिळू शकते. डेटाचं मात्र तसं नाही. लॅपटॉपवर काम होईल, अँड्रॉइडवर योग्य ॲप असेल तर होईल आणि आयफोनवर बहुधा होणारच नाही. असं का?

सीरियल पोर्ट अजून जिवंत आहे

सीरियल म्हणजे एकामागून एक बिट पाठवणं. आरएस-२३२ हे त्याचं प्रसिद्ध स्टँडर्ड १९६० मधलं. जुना नऊ पिनांचा पोर्ट लॅपटॉपवरून गेला, पण जीपीएस मॉड्यूल, वजनकाटे, बिलाचे प्रिंटर, कारखान्यातली मशीन्स आणि कॉलेजच्या प्रोजेक्टमधला अर्डुइनो आजही याच पद्धतीने बोलतात. मध्ये फक्त यूएसबीचं सीरियलमध्ये रूपांतर करणारी एक छोटी चिप आली. स्वस्त बोर्डांवर बहुतेक वेळा सीएच३४० ही चिप दिसते.

बोलण्याचा नियम साधा आहे. दोन्ही बाजूंचा वेग, म्हणजे बॉड रेट, सारखा हवा. एकीकडे ९६०० आणि दुसरीकडे ११५२०० ठेवलात तर स्क्रीनवर नुसती गिचमिड अक्षरं दिसतात.

चिप एक, नावं तीन

हाच बोर्ड विंडोजवर ‘कॉम३’ म्हणून दिसतो, लिनक्सवर ‘टीटीवाययूएसबी०’ म्हणून आणि मॅकवर ‘सीयू’ने सुरू होणाऱ्या नावाने. पायसीरियल किंवा क्यूटी सीरियलपोर्ट अशा लायब्ररी वापरल्या की एकच कोड तिन्हीकडे चालवता येतो. नावांचा प्रश्न तिथे सुटतो, पण परवानगी आणि ड्रायव्हरचा सुटत नाही.

लिनक्सचंच बघा. उबुंटूवर युजर ‘डायलआउट’ ग्रुपमध्ये नसेल तर पोर्ट दिसतो, पण उघडत नाही. उबुंटू २२.०४ मध्ये तर अंधांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी असलेला बीआरएलटीटीवाय हा प्रोग्रॅम सीएच३४० ला ब्रेल डिस्प्ले समजून ताब्यात घ्यायचा. दोघांचा ओळख क्रमांक एकच होता ना! विंडोजवर २०१४ मध्ये याहून मोठा प्रकार झाला. एफटीडीआय कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला. चिप नकली आहे हे माहीतही नसलेल्या लोकांची उपकरणं बंद पडली. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला.

फोनवर खरी अडचण

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स असलं तरी साध्या ॲपला पोर्ट थेट उघडता येत नाही. पण २०११ मधल्या अँड्रॉइड ३.१ पासून ॲपला यूएसबी उपकरणाशी बोलायची सोय आहे. त्यामुळे ॲप चिपचा ड्रायव्हर स्वतःसोबतच घेऊन येतं. ‘या ॲपला यूएसबी वापरू द्यायचं का?’ अशी जी खिडकी येते, ती यासाठीच.

आयफोनवर असा सर्वांसाठी खुला रस्ता नाही. केबलने ॲपशी बोलायचं तर साधारणपणे ॲपलच्या एमएफआय कार्यक्रमात बसणारं उपकरण लागतं. आयपॅडवर एम१ चिप आणि आयपॅडओएस १६ पासून ड्रायव्हर लिहिता येतो. म्हणजे अडचण केबलची नाही, धोरणाची आहे.

मग ब्राउझरमधून जमेल का?

मार्च २०२१ मध्ये क्रोम ८९ मध्ये वेब सीरियल आलं, पण डेस्कटॉपवर. वेबसाइट उघडा, पोर्ट निवडा, कोड बोर्डात टाका. इन्स्टॉल काहीच करायचं नाही. ॲपलने २०२० मध्येच अशा १६ वेब सुविधा सफारीत आणणार नाही असं सांगितलं होतं, त्यात सीरियलही होतं. युजरची गुपचूप ओळख पटवायला वेबसाइट त्यांचा वापर करतील, हे त्यांचं कारण. मोझिलाचीही सुरुवातीची भूमिका विरोधाचीच होती.

ही भीती खोटी नाही. असल्या बऱ्याच उपकरणांना पासवर्ड नसतो, त्यामुळे फसवी साइट बोर्डातला प्रोग्रॅमच बदलू शकते. पण त्यावर ‘सगळ्यांनाच बंद’ हा एकमेव उपाय नाही. क्रोममध्ये युजरने स्वतः पोर्ट निवडल्याशिवाय साइटला काहीच मिळत नाही. मला हा मधला मार्ग जास्त पटतो. कारण ज्या पोराकडे लॅपटॉप नाही, फक्त फोन आहे, त्याचं पहिलं प्रोजेक्ट होणार की नाही हे दार उघडं आहे की बंद यावर ठरतं. युरोपच्या कायद्याने प्लग आणि चार्जिंग एकसारखं केलं, या दाराला हात लावलेला नाही.

तोपर्यंत काय कराल?

- बोर्ड घेताना त्यावरची चिप कोणती ते विचारा. अँड्रॉइड ॲप त्या चिपला चालतं का ते आधी तपासा.
- आयफोन असेल तर केबलचा नाद सोडा. ईएसपी३२ मध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही असतं, त्यावरून डेटा घ्या. पहिल्यांदा कोड टाकायला मात्र कुणाचा तरी लॅपटॉप लागेल.
- ॲप लिहीत असाल तर ‘कॉम३’ असं नाव कोडमध्ये कोरून ठेवू नका. उपकरण त्याच्या ओळख क्रमांकावरून शोधा आणि परवानगी नसेल तर तसं स्पष्ट सांगा. नुसतं ‘एरर’ दाखवलंत तर समोरचा बिचारा केबलच बदलत बसतो.