किल्ली, खोकला आणि सात वाजताचं गिऱ्हाईक

गाडी विकायला काढली की दोन प्रकारचे मित्र भेटतात. पहिले म्हणतात, ‘विकू नको यार, लाख मोलाची गाडी आहे.’ हे स्वतः एक रुपया देत नाहीत. दुसरे म्हणतात, ‘गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास फिरवून आण. इंजिन गरम असलं की कुणाला काही कळत नाही.’ दुसरे जास्त डेंजरस. कारण ते खरं बोलत असतात.

माझी गाडी म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २००५ची. चार दारं आणि एवढी मोठी डिकी असलेली स्पोर्ट्स कार कशी काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा दौलताबादच्या रस्त्याला शेजारी बसून बघावं. १.८ लिटरचं टर्बो इंजिन, १५० हॉर्सपॉवर. शिवाय आपल्या गावाशी नातं. शेंद्र्याचा कारखाना २००१ साली सुरू झाला तो ऑक्टाव्हियावरच. मामाने ही सेकंड हँड घेतली, पंधरा वर्षं झाल्यावर हौसेने पुन्हा पासिंग केली आणि गेल्या वर्षी मुलीकडे मुंबईला राहायला जाताना चावी माझ्या हातात दिली. ‘हिला उभी ठेवू नको रे,’ एवढंच म्हणाला.

मी उभी ठेवली. अख्खा पावसाळा. फ्रीलान्सिंगचे चेक वेळेवर येत नाहीत, आणि पेट्रोलपंपवाला उधार देत नाही.

डिसेंबर उजाडला आणि बाईसाहेबांचं सुरू झालं. सकाळी सेल्फ मारला की खोकायची, चालू झाल्यासारखं करायची आणि बंद. चौथ्या-पाचव्या वेळी धरली तरी स्लो राहायची नाही. आरपीएमचा काटा पाचशेवर, मग बाराशेवर, पुन्हा पाचशेवर. सोसायटीतल्या काकू गॅलरीतून बघायच्या. दहा मिनिटांनी मात्र शहाण्या मुलीसारखी गप्प. जालना रोडवर तर अशी पळायची, की सकाळचा तमाशा आपल्यालाच स्वप्नात दिसला असं वाटावं.

दोन गॅरेज झाली. एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने बॅटरी आणि एक कॉइल. साडेनऊ हजार गेले. दोघांकडेही मी दुपारी जायचो, गाडी चालवत, म्हणजे इंजिन तापलेलं. पेशंटचा ताप उतरल्यावर डॉक्टरकडे नेण्यातला प्रकार. दोष त्यांचा कमी, माझा जास्त.

बायकोने फायनल सांगितलं, विक. घराच्या डाउन पेमेंटला उपयोग होईल. जाहिरात टाकली. वाळूजला नोकरी करणाऱ्या एका मुलाचा फोन आला, पंचवीस-सव्वीसचा असेल. ‘सर, रविवारी सकाळी सात वाजता येतो. आणि प्लीज, त्याआधी चालू करू नका.’

पोरगं हुशार होतं.

शनिवारी रात्री झोप लागली नाही. साडेपाचला उठलो, चावी घेतली, खाली गेलो. पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. बीड बायपासपर्यंत जाऊन आलो असतो तरी काम झालं असतं. बोनेट गरम लागलं तर सांगायचं, दूध आणायला गेलो होतो. सीटवर बसलो. किल्ली लावली. त्या मुलाने फोनवर सहज सांगितलं होतं की दोन वर्षांचा बोनस साठवलाय. किल्ली काढून वर आलो, चहा केला.

सातला तो आला. आधी बोनेटवर तळहात ठेवला, मग हसला. मी म्हटलं, ‘हसू नकोस, आता बघ.’ तिने काहीही हातचं राखलं नाही. पाच वेळा खोकली, काटा नाचला, काकू गॅलरीत आल्या. मला वाटलं आता हा हेल्मेट उचलणार. तो म्हणाला, ‘सर, ही कुठेतरी हवा खातेय. माझ्या ओळखीचे एक उस्ताद आहेत.’

उस्तादांची पहिली अट, गाडी रात्रभर त्यांच्याकडे उभी राहणार. ‘ठंडी की बीमारी ठंडी में देखते साब.’ सोमवारी सकाळी आम्ही दोघं तिथे. त्यांनी इंजिनाला हात न लावता स्कॅनर जोडला. बाहेर हवा १३ अंश, आणि पाण्याचा टेम्परेचर सेन्सरही १३च सांगत होता. म्हणजे तो खरं बोलतोय. तो जर ‘इंजिन तापलंय’ असं खोटं सांगत असता, तर कॉम्प्युटरने पेट्रोल कमी सोडलं असतं आणि गाडी धरलीच नसती. जुन्या गाड्यांत आपण चोक ओढायचो, ते काम आता हा सेन्सर करतो.

मग त्यांनी हवेच्या पाइपातून धूर सोडला. मिनिटभराने मॅनिफोल्डच्या खालून एक बारीक रेघ वर आली. बोटाएवढा रबरी पाइप, वीस वर्षांचा, कडक होऊन तडकलेला. तिथून आत जाणारी हवा मोजलीच जात नव्हती. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, आणि इथे मिश्रण हवेनेच पातळ झालेलं. इंजिन तापलं की सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर जागा होतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवून चूक झाकतो. वेगात तर एवढ्याशा जादा हवेचा हिशेबच लागत नाही. दुपारच्या गॅरेजवाल्यांना काय डोंबल दिसणार!

उस्तादांनी पाइप बदलला, थ्रॉटल बॉडीतला काळा थर पुसला, स्कॅनरवरून तिला नवी ‘स्लो’ शिकवली. वर दम दिला, ‘आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. ते गारठ्यात उशिरा पेटतं आणि हे जुने रबर त्याच्यासाठी बनलेले नाहीत. बाकीचे पाइपही बदला, उभी ठेवू नका.’ म्हणजे मामाचंच वाक्य. बिल अठराशे.

मंगळवारी सकाळी सातला तो मुलगा पुन्हा आला. बोनेटवर हात ठेवला. गार. किल्ली फिरवली, अर्ध्या सेकंदात चालू. काटा आधी हजाराच्या वर, मग हळूहळू आठशेवर आला आणि तिथेच बसला. काकू गॅलरीत आल्या आणि आत गेल्या.

‘तर सर,’ तो म्हणाला, ‘ठरलेल्या भावातच?’

मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांबशील का. मामाला फोन करायचाय.