तंबू कुठे लावायचा, ते ग्रामसभा ठरवील



आश्विन लागला. पाऊस उघडला, गवत कमरेला आलं, ओहोळ अजून वाहताहेत. आता कोजागिरीपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत संभाजीनगर, चाळीसगावकडच्या गाड्या गौताळ्याच्या डोंगरात येतील. पाठीवर तंबू घेऊन माणसं उतरतील आणि जागा शोधतील. सपाट पाहिजे, पाण्याजवळ पाहिजे, झाडाखाली पाहिजे, गावापासून जरा लांब पाहिजे.

अशी जागा रिकामी नसते, हे आपल्याला माहीत आहे. सपाट जागी कुणाचं तरी खळं असतं. पाण्यावर दिवसा आपली गुरं, रात्री रानातली जनावरं येतात. मोठ्या झाडाखाली देव असतो. गावापासून लांब आपली मसणवट असते. पाहुण्याला यातलं काही दिसत नाही, कारण तिथं पाटी नाही.

सरकारी कागदावर मात्र दुसरीच नावं आहेत. १९८६ साली इथं सुमारे २६० चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं, नाव गौताळा-औट्रमघाट. औट्रम हा इंग्रज साहेब. भिल्लांनी भिल्लांनाच धरावं म्हणून त्याने १८२५ मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली. त्याचं नाव घाटाला चिकटलं ते अजून आहे. ज्यांना त्याने डोंगरात हुडकलं, त्यांची पणतवंडं मात्र वनहक्क दाव्याच्या पावत्या सांभाळत बसली आहेत.

गावात कुणी म्हणतं, तंबूवाल्यांना हाकला. कुणी म्हणतं, दोन पैसे मिळतात, येऊ द्या. आम्हाला दोन्ही पटत नाही. पाहुण्यांशी आपलं वैर नाही. पण शेळ्या वळणाऱ्या पोराने थंडीत चार काड्या पेटवल्या तर त्याला दरडावतात, आणि तंबूपुढची शेकोटी हौस ठरते, हे चालणार नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा सांगतो की अभयारण्याला धोका होईल अशी आग कुणीच पेटवायची नाही. पर्यटकालाही आत यायला परवाना लागतो. कायदा एक आहे, तर सगळ्यांना सारखा लावा.

आता आपल्या हातातलं बघू. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक वनसंपत्ती म्हणजे काय ते सांगताना अभयारण्यही धरलं आहे. कलम ५ प्रमाणे त्या जंगलात येण्याजाण्यावर नियम घालायचा आणि जंगलाला बाधणारं काम थांबवायचं, हे ग्रामसभा ठरवू शकते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. तिथला बांबू कधी तोडायचा ते गाव ठरवतं. मग आपल्या रानात तंबू कुठे लावायचा, ते आपण का ठरवू नये?

म्हणून दिवाळीच्या आधी ग्रामसभा बोलवा. म्हाताऱ्या माणसांना घेऊन रानात फिरा. देवाची जागा, मसणवट, जुनी विहीर, पाणवठा, गुरांची वाट नकाशावर मांडा. इथं तंबू नाही. हाच नकाशा दाव्यालाही कामाला येतो, कारण नियम १३ मध्ये जुन्या विहिरी, मसणवट, पवित्र ठिकाणं आणि वडीलधाऱ्यांचा जबाब हे पुरावे मानले आहेत.

मग तंबूसाठी एक-दोन जागा आपणच काढून द्या. ओहोळापासून वर, कारण परतीचा पाऊस डोंगरावर पडतो आणि लोंढा रात्री खाली येतो. वाळलेल्या झाडाखाली नको. आग्या मोहोळाजवळ तर नकोच, धुराने माश्या उठतात. बिबट्याची पाण्याची वाट सोडून. उभ्या मक्यापासून लांब, कारण तिथं रात्री राखणदार डुकरांवर गोफण चालवतो. जागा दाखवायला जाणाऱ्याला मजुरी किती, रानात उरलेला कचरा परत कोण नेणार, तेही लिहा. अभयारण्याच्या आत वनखात्याचा परवाना लागेलच. तो असला तरी आपल्या ठरावाबाहेरच्या जागी तंबू नको, हेही लिहा.

ठराव सगळ्यांना वाचून दाखवा, बायांच्याही सह्या-अंगठे घ्या. एक प्रत वनखात्याला द्या आणि पोच मागा. पोच मिळाल्याशिवाय तिथून उठू नका.

जिंदाबाद!