किती दिवस नको, रांग विचारा

पितृपंधरवड्यात आमच्या आदिलाबादमध्ये कोणी नवी वेबसाइट सुरू करत नाही. घटस्थापना उजाडली की मात्र सगळ्यांनाच ती हवी असते. फंक्शन हॉलवाल्याला हवी, जिनिंगवाल्या शेटजींना हवी, नवा दवाखाना थाटलेल्या डॉक्टरसाहेबांनाही हवी. त्यानंतरची गर्दी उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला. मग येतात शाळा. तेलंगणातल्या शाळा १२ जूनला उघडतात, त्यामुळे प्रवेशाचा फॉर्म मे महिन्यातच ऑनलाइन दिसायला हवा, हे संस्थाचालकांना एप्रिलच्या शेवटी सुचतं. वर्षाचे महिने बारा, पण वेबसाइट करून देणाऱ्या आमच्यासारख्यांच्या धंद्यात मुहूर्त तीनच. आणि तिन्ही वेळा समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा प्रश्न एकच असतो: "दादा, किती दिवसांत होईल?"

या प्रश्नाला आम्ही धंदेवाले जे उत्तर देतो ते बंद झालं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. "पंधरा दिवस" हे ते उत्तर. ते सहसा खोटंही नसतं. पाच-सहा पानांची साधी साइट सवयीचा हात दुसरं काही न करता बनवायला बसला, तर पंधरा दिवससुद्धा लागत नाहीत. पण दुसरं काही न करता बसतो कोण?

मार्केट यार्डात कापूस घेऊन येणारा शेतकरी या बाबतीत आमच्या गिऱ्हाइकापेक्षा शहाणा. गाडी काट्यावर चढून उतरायला किती मिनिटं लागतात, हे तो विचारतच नाही. आपल्यापुढे गाड्या किती आहेत ते विचारतो, आणि त्यावरून आज मुक्काम यार्डातच का घरी, ते ठरवतो. जॉन लिटल नावाच्या अमेरिकी प्राध्यापकाने १९६१ मध्ये हीच गोष्ट गणिताने सिद्ध करून दाखवली. हातात असलेली कामं भागिले महिन्याला हातावेगळी होणारी कामं, म्हणजे एका कामाला सरासरी लागणारे महिने. एखाद्या एजन्सीकडे नऊ कामं चालू असतील आणि महिन्याला तीन पुरी होत असतील, तर नव्या गिऱ्हाइकाला तीन महिने धरायला हवेत. त्याची साइट पाच पानांची आहे म्हणून हे गणित फारसं हलत नाही, कारण वेळ बनवण्यात कमी आणि वाट पाहण्यात जास्त जातो.

मग पंधरा दिवस का सांगतात? आगाऊ रकमेसाठी. तीन महिने म्हटलं तर गिऱ्हाईक उठून पुढच्या दुकानात जाईल ही धास्ती असते. म्हणून सगळ्यांना होकार द्यायचा, प्रत्येकाला होमपेजचं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून आठवडाभर गप्प करायचं आणि ज्याचा फोन जास्त चढ्या आवाजात येईल त्याचं काम त्या दिवशी हातात घ्यायचं. या पद्धतीत नवाच्या नऊ कामं अर्धी होतात आणि एकही पुरं होत नाही. पोरं रात्री जागतात, तरी दसऱ्याला दाखवायला काही नसतं.

एवढा दोष आमचा. आता गिऱ्हाइकाकडे येतो, कारण उशिराचं सगळ्यात मोठं कोठार तिथे आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

शाळेच्या साइटचंच उदाहरण घ्या. मजकूर येतो तो छापखान्यातून, जुन्या माहितीपुस्तिकेची पेजमेकर फाइल म्हणून. तेलुगू मजकूर अनु फॉन्टमध्ये, मराठी श्रीलिपीत. छपाईला हे उत्तम. पण तोच मजकूर वेबपानावर चिकटवला की नुसती अगम्य चिन्हं दिसतात, कारण हे फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे. मग कन्व्हर्टरमधून काढायचा. कन्व्हर्टर नव्वद टक्के काम झटक्यात करतो आणि उरलेल्या दहा टक्क्यांत जीव काढतो. तेलुगूतलं जोडाक्षराचं खालचं अक्षर शेजारच्या अक्षराखाली जाऊन बसतं, मराठीतला रफार एक घर पुढे सरकतो, संस्थापकांच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ बदलतो. आता हे अक्षर-अक्षर वाचून दुरुस्त कोण करणार? विश्वस्त घरी मराठी बोलतात, पण त्यांचं शिक्षण तेलुगूत झालं. मुख्याध्यापकांना मराठी समजते, तपासता येत नाही. त्यात उर्दू पान हवं असेल तर मजकूर उजवीकडून डावीकडे धावतो, म्हणजे मेनू, चित्रं, फॉर्मचे रकाने सगळं उलटं मांडायचं. "भाषांतर तर आहे, नुसतं टाकायचंय," असं म्हणणाऱ्या माणसाला एकदा शेजारी बसवून हे दाखवावं असं फार वाटतं.

एकाच भाषेत भागवा, असंही म्हणता येत नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. सीमा आखली गेली, सोयरीक आणि बाजार राहिले. इथल्या दवाखान्यात आजही पैनगंगेपलीकडून पेशंट येतात, आणि त्यांना मराठी पान लागतं.

मजकुरानंतर डोमेन. ते सात-आठ वर्षांपूर्वी कोणा भाच्याने स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं असतं, भाचा पुण्यात आणि ओटीपी जातो बंद पडलेल्या नंबरवर. ऑनलाइन फी घ्यायची तर पेमेंट गेटवेचं केवायसी. पॅनवर संस्थेचं नाव एक, बँक खात्यावर दुसरं, की अर्ज परत. यातला एकही दिवस कोडिंगचा नाही, पण उशीर मोजताना तो आमच्याच खात्यावर पडतो. दरम्यान निमंत्रणपत्रिका छापून झालेली असते, खाली साइटचा पत्ता आणि क्यूआर कोडसकट.

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "दोन पोरं वाढवा ना." आयबीएमच्या एका अवाढव्य सॉफ्टवेअर प्रकल्पाचे प्रमुख राहिलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की लांबलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली की ते आणखी लांबतं. नव्याला काम समजावण्यात जुन्याचा वेळ जातो. शिवाय पोरं आहेत कुठे? तयार झालेलं पोरगं हैदराबाद गाठतं, नाहीतर गावातच बीडीएनटी लॅब्जसारख्या कंपनीत लागतं. २०२२ मध्ये तेव्हाचे आयटी मंत्री के. टी. रामाराव त्या कंपनीत येऊन गेले आणि आदिलाबादला आयटी टॉवर देण्याची घोषणा झाली. टॉवर व्हावाच, पण त्याने आमच्या दसऱ्याची सोय होणार नाही. गोंड घरातलं पोरगं दिवाळीच्या तोंडावर दंडारीच्या नाचासाठी गावी जातंच. त्याने जावं. अंदाज बांधतानाच ते दिवस वगळायला हवेत.

अंदाज चुकणं हा काही आदिलाबादचा खास रोग नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंध किती दिवसांत पुरा कराल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवसांचं. सगळं बिघडलं तर? ४९. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ च्या वर. थोडक्यात, माणूस मुद्दाम वाईटात वाईट धरतो तेव्हाही कमीच धरतो. म्हणून "तुम्हाला काय वाटतं" या प्रश्नाला किंमत नाही. अशी मागची कामं किती दिवसांत झाली, त्याची वही काढून पाहावी आणि तेवढंच सांगावं. एकच तारीखही सांगू नये. सहा ते दहा आठवडे असं म्हणावं आणि दहा धरून चालायला सांगावं.

माझ्या दुकानात भिंतीवर फळा आहे. हातातली कामं त्यावर लिहिलेली असतात, येणाऱ्याला खुर्चीतून दिसतील अशी. ठरलेल्यापेक्षा जास्त कामं एका वेळी उघडायची नाहीत. पुढचा आला तर त्याचं नाव खाली, रांगेत. दिवस मोजायला सुरुवात आगाऊ रक्कम मिळाल्यापासून होत नाही, शेवटचं पान तपासून आल्यापासून होते. भारतीय कपास निगम हमीभावाने कापूस घेताना १२ टक्क्यांवर ओल असलेला माल परत पाठवतं, आणि २०२५-२६ च्या हंगामात कपास किसान अ‍ॅपवरून स्लॉट घ्यावा लागला तेव्हाही ओलीची अट सुटली नव्हती. स्लॉट हातात असला तरी माल वाळवून आणायचा असतो. आमच्याकडेही अर्धवट मजकूर घेऊन आलेल्याला परत पाठवायची हिंमत हवी.

फळा पाहून उठून जाणारे असतात. जाऊ द्यावेत. पंधरा दिवसांचं आश्वासन देणारा या गावात कुठेही मिळतो, आणि त्याच्याशी आश्वासनात स्पर्धा करून कोणाची साइट लवकर होत नाही.

वाचकांपैकी कोणाला यंदा दुकानाची, शाळेची, दवाखान्याची साइट करून घ्यायची असेल, तर ज्याच्याकडे जाल त्याला आधी विचारा: हातात कामं किती, मागच्या महिन्यात पुरी किती झाली? सांगायला तो का-कू करू लागला तर आगाऊ रक्कम देऊ नका. आणि साइट दसऱ्याला हवी असेल, तर तपासलेला मजकूर, मूळ फोटो आणि डोमेनचा पासवर्ड श्रावण लागायच्या आत पोचता करा.