डाउन जाऊन अप येणारे

कोपर स्टेशनवरचे कितीतरी प्रवासी सकाळी मुंबईला निघताना आधी उलट्या दिशेची गाडी पकडतात. डोंबिवली नाहीतर कल्याणपर्यंत डाउन जायचं आणि तीच गाडी अप सुटली की बसून यायचं. वेळ जास्त जातो, पासही पुढच्या स्टेशनपासूनचा लागतो. तरी लोक जातात. पर्यावरण मानसशास्त्रात पीएच.डी. करू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी प्रबंधाचा विषय इथून उचलावा, असं मला फार मनापासून वाटतं.

माणसावर भोवतालच्या जागेचा काय परिणाम होतो, हे ही शाखा तपासते. गोंगाट थांबवणारं बटण हाताशी आहे एवढं कळलं, तरी ते न दाबताही गोंगाटाचा नंतरचा दुष्परिणाम कमी होतो, हे डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी 1972 साली मांडलं. डाउन जाणारा माणूस वेळ मोजून असं बटणच विकत घेत असेल का? आणि घरचं पाणी, मुलांचा डबा उरकून धावत येणाऱ्या ज्या बाईकडे तेवढा वेळच नाही, तिचं काय होतं? 2007 साली गॅरी इव्हान्स आणि रिचर्ड वेनर यांनी ताण मोजायला न्यू जर्सीच्या रेल्वेप्रवाशांची लाळ तपासली, तेव्हा डब्यातल्या एकूण गर्दीपेक्षा शेजारी खेटून बसणाऱ्यांमुळे येणारा ताण जास्त दिसला. आपल्याकडे तिघांच्या बाकावर चौथी सीट मागून घेतात. तिथे टेकायला मिळालेल्याला ताण येतो की हायसं वाटतं, हे इथेच तपासावं लागेल.

पण विद्यापीठाची 'पेट' ही पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा दिली, गाईड मिळाला, की परदेशी प्रश्नावलीचा गूगल फॉर्म कॉलेजातल्या मुलांकडून भरून घेतला जातो. याचा मला राग येतो. यूजीसीच्या 2022च्या नियमांनुसार किमान 3 वर्षं हातात असतात. त्यात फलाटावरचे तीन पावसाळे बसतात.

न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञ आर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांना संशोधनाचा प्रश्न त्यांच्याच वर्गात शिकणाऱ्या एका पालकाकडून मिळाला. त्या पालकाच्या मुलाच्या रुळांलगतच्या शाळेत रुळांकडच्या वर्गांतली मुलं दुसऱ्या बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे पडत असल्याचं 1975 साली छापून आलं. पुढे रुळांखाली रबर आणि वर्गांच्या छताला आवाज शोषणारं आच्छादन बसलं. 1981च्या अभ्यासात तो फरक उरला नव्हता.

कोपरला खालून मध्य रेल्वेची मुख्य लाइन जाते, वरून वसई-दिवा मार्ग. इथल्या रुळांलगतच्या वर्गात आवाज मोजायचं मीटर घेऊन बसायला मुख्याध्यापकांची परवानगी आणि सिनॉप्सिसवर गाईडची सही लागेल. ती सही गाईडनी द्यावी.