जाळी ऐंशी रुपयांची

आजोबांचा इकमिक कुकर आमच्या पनवेलच्या घरी अजून चालतो. कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये काढलेली ही युक्ती. तळाशी कोळशाची शेगडी, वर नळकांड्यात पाणी, त्यात एकावर एक डबे. वरण-भात वाफेवर सावकाश शिजतो, राखण करावी लागत नाही.

यंदा शेगडीची जाळी जळून गेली. उरण नाक्याकडच्या वेल्डिंगवाल्याने पत्र्याची चकती कापली, भोकं पाडली, कडेवरून कानस फिरवली. ऐंशी रुपये. कल्हईवाला शोधायला मात्र पंधरा दिवस गेले. कल्हई उडालेल्या पितळेत आमटी कळकते, म्हणून थांबलो.

मुलाने घेतलेल्या विजेच्या स्लो कुकरचं सिरॅमिकचं भांडं दोन वर्षांत तडकलं. बाकी सगळं ठणठणीत. दुकानदार म्हणतो, "काका, सुटं भांडं येत नाही, नवाच घ्या." ही मला सरळसरळ लूट वाटते. केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात घरगुती उपकरणंही आहेत. मग सुटे भाग किती वर्षं मिळतील, ते खोक्यावर किमतीशेजारी छापायची सक्ती करा.