गिऱ्हाइकांची आवक आणि दिवाळीची सूट

‘सेलमध्ये घेतला म्हणून पाच हजार वाचले,’ हे वाक्य दसरा-दिवाळीच्या सुमारास वाशिमपासून मानोऱ्यापर्यंत घरोघरी ऐकू येते. पाच हजार नेमके कशातून वाचले, हे सहसा कोणी विचारत नाही. खरे तर सोयाबीन पिकवणाऱ्या वाशिम जिल्ह्याला भाव कधी पडतो हे नव्याने शिकवायची गरज नसावी. ऑक्टोबरात वाशिम, कारंजा, रिसोडच्या बाजार समित्यांत सोयाबीनची आवक वाढली की बोली खाली येते. व्यापाऱ्याला घाई नसते, शेतकऱ्याला असते. आज नाही विकले तर मजुरी कशी द्यायची आणि कृषी केंद्राची उधारी कशी फेडायची, हे प्रश्न त्याच्यासमोर उभे असतात. ज्याला घाई, त्याचा भाव पडतो. हाच नियम दुकानाच्या दारात आपण विसरतो. दिवाळीच्या पंधरवड्यात वाशिमच्या पाटणी चौकात सर्वांत मोठी आवक असते ती गिऱ्हाइकांची. पगारदाराचा बोनस, शेतकऱ्याची पट्टी, सणाचा मुहूर्त, मुलांचा हट्ट असे सगळे एकाच वेळी काउंटरवर येऊन पडते. अशा वेळी घाई दुकानदाराला नसते, आपल्याला असते. तेव्हा वर्षातली सर्वांत मोठी सूट नेमकी याच दिवसांत मिळते, हा समज तपासून घ्यायला हवा.

जूनमधल्या पहिल्या पावसानंतर बियाण्याच्या दुकानाबाहेर कधी सेलची पाटी लागते का? उलट हव्या त्या वाणाची पिशवी मिळवायला ओळख काढावी लागते आणि डीएपीच्या पोत्याबरोबर नको असलेली एखादी बाटली गळ्यात मारली जाते. सगळ्यांना एकाच दिवशी हवी असलेली वस्तू कोणी स्वस्त देत नाही. याच्या उलट उदाहरण आषाढाचे. आषाढात फारशी लग्ने नाहीत, खरेदीचे मोठे सण नाहीत, शुभकार्याची खरेदी नाही. कापडवाल्याचा आणि भांडेवाल्याचा माल पडून असतो आणि पैसा अडकलेला असतो. म्हणून महाराष्ट्रात आषाढ सेलची रीत पडली. तिथे सूट देण्यामागे विकणाऱ्याची स्वतःची गरज आहे, आणि म्हणून ती बऱ्याच अंशी खरी असते. गंमत अशी, की आषाढात वाशिमच्या शेतकऱ्याचा खिसा पेरणीने रिकामा केलेला असतो. दुकानदाराला गिऱ्हाईक हवे असते तेव्हा याच्याकडे पैसा नसतो, आणि याच्याकडे पैसा येतो तेव्हा दुकानदाराला गिऱ्हाइकांची वाण नसते. सेलची अर्धी फसगत या दोन वेळापत्रकांतच आहे. त्यासाठी दुकानदार लबाड असण्याचीही गरज नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. मागणी वाढली की किंमत वाढते हे पुस्तकी झाले, पण सणात दुकानादुकानांत चुरस लागते आणि त्या चुरशीत किमती खरोखर उतरतात, असे म्हणता येईल. तसा पुरावाही आहे. शिकागोमधल्या एका किराणा साखळीच्या विक्रीचा अभ्यास शेव्हॅलिए, कश्यप आणि रॉसी या अर्थतज्ज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. ख्रिस्ती लोकांच्या उपवासाच्या काळात डबाबंद माशांची मागणी चढते, आणि नेमकी तेव्हाच त्यांची किंमत उतरते, असे त्यांना आढळले. हे मान्यच करायला हवे. पण त्याचे कारणही त्याच अभ्यासात आहे. दुकान जाहिरातीत मिरवायला तीच वस्तू निवडते जी सर्वांना हवी असते. त्या वस्तूवर नफा सोडायचा, गिऱ्हाईक आत ओढायचे आणि उरलेल्या खरेदीत वसूल करायचे. आपल्याकडच्या शोरूममधले दिवाळीचे बिल वरपासून खालपर्यंत वाचले तर हाच हिशेब दिसतो. वरच्या ओळीत टीव्ही, पाटीवर लिहिलेल्या भावाला. मग भिंतीवर बसवायचा स्टँड, स्टॅबिलायझर, दोन वर्षांची वाढीव वॉरंटी, बसवणावळ. वरच्या ओळीत गेलेला नफा खालच्या चार ओळींत परत येतो. म्हणजे चुरशीचा आक्षेप खरा आहे, पण तो एका वस्तूपुरता खरा आहे. ज्याला पाटीवरची तेवढीच वस्तू उचलून बाहेर पडता येते त्याचा फायदा होतो, आणि सेल अशा माणसासाठी मांडलेलाच नसतो.

टक्क्यांच्या पाट्यांबद्दल थोडक्यात. ‘६० टक्के सूट’ ही कशावर, तर छापील किमतीवर. छापील किंमत म्हणजे विकण्याची कमाल मर्यादा. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत त्या किमतीला वर्षभरात सहसा कोणी माल घेत नाही. तिच्यातून साठ टक्के वजा केले काय आणि सत्तर केले काय, वाचल्याचा हिशेब त्यातून निघत नाही. युरोपीय संघात मे २०२२ पासून असा नियम लागू आहे, की सूट जाहीर करताना त्याआधीच्या किमान तीस दिवसांतली सर्वांत कमी किंमतही सांगावी लागते. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रीतल्या तेरा फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई लावणे त्यांत येते. पण तीस दिवसांची ती अट आपल्याकडे नाही. मग ती आपणच स्वतःला घालून घ्यावी. घ्यायच्या वस्तूचा भाव पोळ्याच्या सुमारास एका वहीत लिहून ठेवला, की दिवाळीतली सूट किती हे सांगायला पाटीची गरज उरत नाही. २०२५ मध्ये तर आणखी एक गल्लत झाली. २२ सप्टेंबरला ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही मोठ्या ऑनलाइन कंपन्यांचे सेल सुरू झाले. या करकपातीने किंमत साधारण पावणेआठ टक्के उतरते. ती उतरण सरकारी होती, सेलची नव्हती, आणि दिवाळीबरोबर ती संपणारही नव्हती. तरीही ‘आता नाही तर कधीच नाही’ असे सांगून ती खपवली गेली.

आता हप्त्यांकडे येऊ, कारण ग्रामीण भागात सेल खरा चालतो तो हप्त्यांवर. ‘बिनव्याजी हप्ता’ ऐकून माणूस निर्धास्त होतो. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. ३०,००० रुपयांची वस्तू, २,५०० रुपयांचे बारा हप्ते, हे उदाहरण घ्या. कर्ज देणारी संस्था १५ टक्के दराने व्याज लावत असेल तर तिच्या हिशेबाने मुद्दल सुमारे २७,७०० रुपये आणि व्याज २,३०० रुपये. हे २,३०० रुपये कंपनी किंवा दुकानदार सूट म्हणून आधीच वळते करतो, म्हणून हप्ता बिनव्याजी दिसतो. पण हप्ता क्रेडिट कार्डावर असेल तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे चारशेच्या वर रुपये, गिऱ्हाइकाच्या माथी येतो, आणि प्रोसेसिंग फी वेगळी. याचा दुसरा अर्थ असा, की रोख देणाऱ्याला ती वस्तू २७,७०० च्या आसपास मागता येते. किती जण मागतात? त्याहून मोठा घोळ वेळापत्रकाचा आहे. हप्ता महिन्याचा असतो आणि शेतीचे उत्पन्न हंगामाचे. ऑक्टोबरात सोयाबीन, जानेवारी-फेब्रुवारीत तूर, मार्चमध्ये हरभरा आणि गहू. एप्रिल ते सप्टेंबर पैसा फक्त बाहेर जातो, तोही बियाण्याला, खताला, फवारणीला. नोव्हेंबरात सुरू झालेल्या बारा हप्त्यांपैकी निम्मे याच कोरड्या महिन्यांत येतात. खात्यात शिल्लक नसली की हप्ता परत जातो. मग बँकेचा दंड वेगळा आणि कर्जवाल्याचा वेगळा. लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये येतात, त्यांतून भागेल, असे कोणी म्हणेल. पण ती रक्कम ठरल्या तारखेला येतेच असे नाही, आणि हप्त्याची तारीख चुकत नाही.

सेलची सर्वांत महाग किंमत बिलावर दिसतच नाही. २०२५ चा ऑनलाइन सेल सुरू झाला तेव्हा जिल्ह्यातले बरेचसे सोयाबीन शेतात उभे होते. खरेदी आधी आणि माल नंतर, असे झाले की सोंगणी होताच ओले सोयाबीन बाजारात न्यावे लागते. तिथे ओलाव्याचे यंत्र लावले जाते आणि बोली त्यावर ठरते. हमीभावाच्या खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने त्या हंगामापुरता तो १५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतला, यावरून अडचण किती सार्वत्रिक होती ते कळते. त्या वर्षी हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि खुल्या बाजारात भाव त्याच्या खालीच राहिला. समजा, घाईपायी दहा क्विंटल माल क्विंटलमागे तीनशे रुपये कमी घेऊन विकावा लागला. सेलमध्ये वाचलेल्या पाच हजारांपैकी तीन हजार तिथेच गेले. माल धरून ठेवला की भाव चढतोच असे मात्र मी म्हणणार नाही. अलीकडच्या हंगामांत धरून ठेवणाऱ्यांचेही हात पोळले आहेत. मुद्दा माल वाळेपर्यंत थांबता येण्याचा आहे. माल वाळला, पण पैशांची नड आहे, अशांसाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. शोरूममधल्या हप्त्याच्या टेबलापेक्षा हे दर निम्म्याहून कमी आहेत, पण त्याची पाटी चौकात लागत नाही.

ऑनलाइन सेलमुळे मंगरूळपीरच्या गिऱ्हाइकालाही पुण्या-मुंबईचा भाव कळू लागला, पूर्वी दुकानदार सांगेल ती किंमत होती, हे म्हणणे अगदी रास्त आहे. मोबाइलमध्ये तर सूट बऱ्याचदा खरी असते, कारण नवे मॉडेल आले की जुन्याचा साठा काढणे ही कंपनीची गरज होते. पण नीट पाहिले तर हा दाखला माझ्याच बाजूचा आहे: विकणाऱ्याला घाई आहे तिथे सूट आहे. सण वर्षातून एकदा येतो, सगळेच पैशात मोजायचे का, या प्रश्नाशी माझे भांडणच नाही. लेकीला हौसेने ड्रेस घ्यावा, पूर्ण किमतीला घ्यावा. फक्त तो खर्च आहे, एवढे घरच्या हिशेबात लिहावे.

पैसे वाचवण्याची रीत वऱ्हाडातल्या घरांना ठाऊक आहे. वर्षाचे गहू, तिखटाची मिरची, तुरीची डाळ ही खरेदी उन्हाळ्यात, माल बाजारात नवा उतरतो तेव्हा केली जाते. तिला कोणी सेल म्हणत नाही. हीच अक्कल किराण्याच्या पलीकडे लावायची. वाशिमच्या उन्हाळ्यात कूलर चैनीची वस्तू नाही. पण तो बहुतेक घरांत एप्रिलमध्ये, पारा चाळिशीला टेकल्यावर येतो, म्हणजे गिऱ्हाइकांची आवक सर्वांत जास्त असताना. तोच कूलर जानेवारीत, तुरीचे पैसे आले की, गेल्या उन्हाळ्याचा उरलेला म्हणून मागावा. दुकानदाराला तो आणखी तीन महिने सांभाळायचा नसतो. पंखा आणि फ्रिज यांनाही हेच लागू. आणि एकट्याने मागण्याऐवजी मिळून मागावे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हे करते आहे: शेजारची घरे गट करतात, महिन्याच्या सामानाची यादी देतात, माल घाऊक येतो आणि गटात वाटला जातो. गावोगावच्या महिला बचत गटांकडे बैठक, वही आणि एकमेकींवरचा विश्वास तयारच आहे. एका गटातल्या चार घरांना कूलर, तिघींना शिलाई मशीन हवे असेल तर जानेवारीत दोन-तीन दुकानांकडून रोख भाव लेखी मागता येतो. वस्तू बिघडली तर जबाबदार कोण, ही शंका योग्य आहे. त्यासाठी सौदा एक करावा, पण बिल आणि वॉरंटीचे कार्ड प्रत्येकीच्या नावाचे वेगळे घ्यावे. तसे असले म्हणजे वाशिमच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायची वेळ आली तरी गटाच्या ठरावाची वाट पाहावी लागत नाही.