अंधार आपला, तर ठरवायचंही आपणच



2019 च्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका बाईंची बातमी देशभर गाजली. डॉ. हेमा साने, तेव्हा वय 79. पुण्यात बुधवार पेठेत, म्हणजे अगदी भर शहरात राहत होत्या आणि घरात वीज नव्हती. घेतलेलीच नव्हती. गरवारे कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवलं, झाडांवर पुस्तकं लिहिली. भोवती झाडं, पाखरं, कुत्रा, मांजरं. माणसाला अन्न, वस्त्र, निवारा लागतो, वीज तर फार उशिरा आली, तिच्याशिवाय माझं भागतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

ही बातमी आम्ही पाड्यावरच्या बैठकीत वाचून दाखवली. एक आजी म्हणाली, "आमचंबी सगळं आयुष्य बिनविजेचं गेलं, मग आमचा फोटू का नाही छापला?" सगळे हसले. पण आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

साने बाईंबद्दल आम्हाला आदरच आहे. थोडक्यात कसं जगावं हे त्यांनी शहरात राहून दाखवलं. बिनविजेच्या जगण्यात सुख आहे हे आपल्याला कुणी शिकवायला नको. रात्री चांदणं अंगणात उतरतं. जेवणं उरकली की माणसं एकमेकांशी बोलतात, टीव्हीशी नाही. मे-जूनमध्ये भीमाशंकर, भंडारदऱ्याकडे काजवे पाहायला पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. म्हणजे आपला अंधार बघायला लोक पेट्रोल जाळून येतात.

पण त्याच अंधारात काय काय होतं तेही लिहिलं पाहिजे. पावसाळ्यात फुरसं पायाखाली येतं तेव्हा हातात बॅटरी नसते. बाळंतीण मोबाइलच्या उजेडात अडते, आणि तो मोबाइल चार्ज करायला बाजारच्या गावात पैसे मोजून ठेवावा लागतो. दळण डोक्यावर घेऊन डोंगर उतरायचा. घरात गॅस आला म्हणून रेशनचं रॉकेल थांबलं. सिलिंडर संपला की परत चूल, आणि चिमणीला तेल नाही. वाटलेले सौरदिवे बॅटरी बसली की खुंटीला लटकतात, दुरुस्त करायला कोणी येत नाही.

मग फरक कुठं आहे? साने बाईंनी वीज नाकारली. आपल्याला ती नाकारली गेली. त्यांनी मीटर मागितला असता तर मिळाला असता. आपण मागितला की ऐकायला येतं, "ही जमीन वनखात्याची, खांब रोवता येणार नाही." ज्याच्या पायाखालची जागा पक्की, त्यालाच नको म्हणता येतं.

आपल्याच जिल्ह्यात बघा. मुळशीचं धरण टाटा कंपनीनं मुंबईला वीज द्यायला बांधलं. 1921 साली सेनापती बापटांच्या बरोबर मावळ्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला. गावं बुडाली, पाणी घाट उतरून भिऱ्याला गेलं, वीज मुंबईला गेली. वीज कुणाची आणि जमीन कुणाची, हा तेव्हापासूनचा हिशोब अजून मिटलेला नाही.

नंदुरबारमध्ये धडगाव भागातल्या बिलगावच्या आदिवासींनी दुसरी वाट दाखवली. केरळचे इंजिनिअर सोबतीला, लोकांचं श्रमदान, आणि धबधब्याच्या पाण्यावर 15 किलोवॅटचं छोटं वीजघर 2003 साली उभं राहिलं. तार सरकारची नाही, वीज गावाची. 2006 मध्ये सरदार सरोवराच्या फुगलेल्या पाण्यात ते बुडालं. वीज करायची अक्कल आपल्याकडे आहे. जमीन हातात नसली तर ती टिकत नाही.

म्हणून वेळ ओळखा. 13 फेब्रुवारी 2019 ला सुप्रीम कोर्टानं दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढायचा आदेश दिला. 28 फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. स्थगिती म्हणजे निकाल नव्हे. दावे कसे फेटाळले हे राज्यांना कोर्टात सांगायचं होतं.

कुणी म्हणेल, तुमच्याकडे लाईटबिल नाही, तर तुम्ही इथं राहता कशावरून? त्याला सांगा: वनहक्क कायद्याच्या नियम 13 मध्ये पुरावे दिलेत. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टी तर चालतेच. शिवाय आपली घरं, बांधबंदिस्ती, विहिरी, स्मशानभूमी, देवाची ठिकाणं, आणि वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हेही पुरावेच आहेत. अमुकच कागद आणा असा हट्ट समित्यांना धरता येत नाही. मात्र एकाहून जास्त पुरावे जोडा.

आणि विजेचं म्हणाल तर त्याच कायद्याचं कलम 3(2) वाचा. शाळा, दवाखाना, रस्ता, पाण्याची पाईपलाईन अशा 13 कामांसाठी वनजमीन देता येते. त्यात विजेच्या तारा आहेत आणि सौर, पाणी यांसारखी अपारंपरिक ऊर्जाही आहे. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. म्हणजे सुरुवात आपल्या ठरावापासून होते.

तेव्हा येत्या ग्रामसभेत तीन कामं करा. एक, म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या; ती माणसं आहेत तोवरच. दोन, दावा फेटाळला असेल तर कारण लेखी मागा आणि 60 दिवसांत वरच्या समितीकडे अपील करा, अर्जाची पोच घेतल्याशिवाय हलू नका. तीन, पाड्याला कोणती वीज हवी ते बसून ठरवा. बायांना आधी विचारा, चूल आणि दळण त्यांच्या डोक्यावर आहे. तार हवी, सौर हवी की ओढ्यावरची, हे तेच सांगतील.

एखाद्या पाड्यानं ठरवलं की आम्हाला वीज नकोच, तर त्यालाही आमचा जिंदाबाद. फक्त ते त्यांनी स्वतःच्या सातबाऱ्यावर उभं राहून म्हणावं.

जल, जंगल, जमीन आमची!